मुलाबाळांचे घर आणि घरातली अडगळ



मुलाबाळांचे घर अगदी नीटनेटके कधीच राहायचे नाही, हे आधीच कबूल करून टाकू या. सकाळी केरवारा करावा, अंथरुणाच्या घड्या घालाव्यात, आणि शाळा सुटली की दप्तर ओटीवर, एक चप्पल उंबऱ्यात, दुसरी अंगणात, आणि चिंचोके थेट चुलीपाशी! घर नांदते असल्याचीच ती खूण आहे. तेव्हा चित्रातल्यासारखे घर कसे ठेवावे ते मी आज सांगणार नाही. घरात वस्तू फार झाल्या आणि त्यांच्यातच मुले वाढत असली, तर काय काढावे, काय ठेवावे आणि जे ठेवायचे ते कुठे ठेवावे, एवढाच आजचा विषय. माताभगिनींनी तो ऐकावाच. पण पुरुष मंडळींनीही उठून जाऊ नये. घरातल्या अडगळीत निम्मा वाटा त्यांचा असतो. आणि शिक्षकबंधूंशी व भगिनींशी शेवटी वेगळे दोन शब्द बोलायचे आहेत.

एकदा आपल्याच माळ्यावर चढून पाहा. मोडकी छत्री, बुडाला भोक पडलेली घागर, जळालेला पंखा, खताच्या रिकाम्या गोण्या, ठिबकच्या जुन्या नळ्यांचे भेंडोळे, बंद पडलेले दोन मोबाइल, आणि थोरल्याच्या बारशाचा पाळणा. थोरला आता कॉलेजात आहे! कुणी विचारले, "अहो आई, हे कशाला ठेवलंय?" की उत्तर ठरलेले : "असू दे गं, उद्या लागेल."

हे "उद्या लागेल" हसण्यावारी नेऊ नका. ज्या आजीने १९७२ चा दुष्काळ डोळ्यांनी पाहिला, तिने सुतळीचा तुकडासुद्धा गुंडाळून का ठेवला, हे तिला विचारा म्हणजे कळेल. काटकसर हा दोष नाही. आणि पूर्वीच्या घरात अडगळ साचत नव्हती याचे कारण निराळेच होते. त्या घरात प्रत्येक जुन्या वस्तूला पुढची वाट होती. लुगडे विरले की त्याची गोधडी होई, गोधडी फाटली की पोतेरे होई, आणि पोतेरे झिजले की ते उकिरड्यावर जाऊन शेताचे खत होई. करवंटीचा डाव होई, डाव मोडला की चुलीत जाई. वस्तू घरात थांबत नसे, ती चालत राही.

आज आपल्या घरात ज्या वस्तू येतात त्यांना ही वाट नाही. प्लॅस्टिकची बाटली चुलीत घालता येत नाही, घातली तर तिचा विषारी धूर मुलांच्याच छातीत जातो. रबर, थर्मोकोल, संपलेली बॅटरी, फुटलेला मोबाइल, यांना उकिरडाही पचवू शकत नाही. सवय जुनी राहिली आणि वस्तू नव्या आल्या. म्हणून माळा भरला, मग पडवी भरली, आणि आता परड्यातही पाय ठेवायला जागा उरली नाही.

यात मुलांचे काय बिघडते? ते जरा सविस्तर सांगतो.

अडगळीत उंदीर राहतो आणि उंदरामागून साप येतो. मण्यार ही रात्री हिंडणारी. जमिनीवर अंथरूण टाकून झोपलेल्या माणसाला ती चावते, आणि दंश इतका बारीक असतो की पुष्कळदा कळतही नाही. गोण्यांच्या ढिगाशेजारी मुलांना झोपवू नये, आणि मच्छरदाणी लावून तिच्या कडा अंथरुणाखाली नीट खोचाव्यात, ते यासाठी. विंचवाचेही तसेच. रचलेली कौले, विटा, गोवऱ्या, सरपण, कोपऱ्यात पडलेला जुना जोडा, ही त्याची घरे. लाल विंचू चावला तर विष हृदयावर जाऊ शकते; लहान मुलांना त्याचा धोका अधिक. महाडचे डॉक्टर हिंमतराव बावस्कर यांनी कोकणातल्या खेड्यापाड्यांत या रोगाचा अभ्यास केला. प्राझोसिन नावाच्या साध्या गोळीने दगावणारी मुले वाचवता येतात, हे त्यांनी दाखवून दिले. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. तेव्हा विंचू चावलेल्या मुलाला दरदरून घाम आला, उलट्या होऊ लागल्या, हातपाय गार पडले, तर मंत्र आणि उतारा यांत एक क्षणही घालवू नका. दवाखाना गाठा.

परड्यात टाकलेला टायर, उघडी करवंटी, फुटका माठ यांत पावसाचे पाणी साचते. डेंग्यूचा डास अशाच स्वच्छ, साचलेल्या पाण्यात अंडी घालतो, आणि अंड्याचा डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस पुरतात. आठवड्यातून एक दिवस कोरडा पाळावा असे आरोग्य खाते सांगते, त्याचे गणित हेच आहे. सात दिवसांनी पाणी ओतून दिले की डासाला उडायला सवडच मिळत नाही. पण परड्यात वस्तूच कमी असल्या तर ओतायचे कामही कमी.

आता मुख्य गोष्ट. प्रत्येक घरात खरे तर दोन घरे असतात. मुलाच्या खांद्याच्या खालचे एक आणि खांद्याच्या वरचे दुसरे. आपण मोठी माणसे वरच्या घरात वावरतो. खुंट्या, फळ्या, कोनाडे, सारे आपल्या हाताच्या बेताने केलेले. मूल खालच्या घरात राहते. या खालच्या घरात काय ठेवले आहे, ते पाहायचे असेल तर एकदा मुलाएवढे खाली बसा आणि घरभर नजर फिरवा. बाजेखाली फवारणीच्या औषधाचा डबा. मोरीपाशी फिनेलची बाटली. कोपऱ्यात उंदराचे औषध लावलेला भाकरीचा तुकडा. दाराआड विळा. आणि मुलाची पाटी, खेळणी, धुतलेला सदरा? ते सारे वर, त्याचा हात पोचणार नाही अशा जागी!

म्हणजे उलटे झाले. जे त्याच्या हाती लागू नये ते खाली, आणि जे त्याच्या हाती असावे ते वर. घर आवरणे म्हणजे ही अदलाबदल दुरुस्त करणे.

आधी वरचे घर. विषारी आणि धारदार वस्तू वर तर जाव्यातच, पण नुसती उंची पुरत नाही. मूल पाट ठेवते, पाटावर डबा ठेवते आणि चढते. म्हणून त्यांना कुलूप पाहिजे. जुनी लोखंडी ट्रंक या कामाला फार चांगली. ती राहत्या खोलीत नको, गोठ्यात किंवा शेतावरच्या खोपीत ठेवावी, आणि किल्ली मोठ्या माणसाच्या कमरेला असावी. औषध मूळच्या डब्यातून कधीही दुसऱ्या बाटलीत ओतू नये. सरबताच्या बाटलीत जे असेल ते सरबतच, असे मूल समजते. त्यात त्याचा काय दोष?

यावर अतिशयोक्ती वाटत असेल तर एक घडलेली हकिकत सांगतो. ती आपल्याकडची नाही, बिहारची आहे. १६ जुलै २०१३ रोजी सारण जिल्ह्यातल्या गंडामन गावच्या शाळेत दुपारचे जेवण जेवून २३ मुले दगावली. तपासणीत त्या जेवणात आणि तेलात मोनोक्रोटोफॉस हे पिकावर मारायचे कीटकनाशक सापडले. कुणाच्या मनात असो वा नसो, विषाचे भांडे आणि अन्नाचे भांडे एका ठिकाणी आले की काय होते, ते त्या गावाने पाहिले. खाण्याचे आणि फवारण्याचे यांची जागा एक नको, डबा एक नको, मापसुद्धा एक नको. रिकामा झालेला औषधाचा डबा फवारणीच्या वेळीच तीनदा विसळून ते पाणी पंपात ओतावे, आणि मग डब्याला भोके पाडावीत. म्हणजे पुन्हा त्यात कुणी तेल-पाणी भरणार नाही.

आणि नको ती वेळ आलीच, मुलाच्या पोटात रॉकेल किंवा औषध गेलेच, तर मिठाचे पाणी पाजून उलटी करवू नका. उलटीबरोबर ते फुप्फुसात उतरते. औषधाचा डबा चिठ्ठीसकट बरोबर घ्या, १०८ ला फोन करा आणि दवाखान्यात जा. आजकाल खेळण्यांत नाण्यासारखी चपटी बॅटरी असते. ती गिळली गेली तर दोन तासांतसुद्धा अन्ननलिका भाजू शकते. तिथेही वाट पाहू नये.

आता खालचे घर, मुलांचे घर. मुलाच्या हाताच्या उंचीला सामान ठेवावे ही गोष्ट नवी नाही. इटलीच्या मारिया माँटेसरी यांनी १९०७ साली रोम शहरातल्या एका गरीब वस्तीत बालगृह उघडले. तिथे कपाटे बुटकी आणि खुर्च्या चिमुकल्या केल्या. जिथून वस्तू घ्यायची तिथे ती मुलानेच परत ठेवायची, अशी रीत पाडली. १९३९ साली त्या भारतात आल्या आणि युद्धामुळे काही वर्षे इथेच राहिल्या. पण बुटकी कपाटे परवडणार कुणाला, असा प्रश्न आपल्या खेड्यांचा. त्याचे उत्तर ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी शोधले. १९४५ मध्ये ठाणे जिल्ह्यातल्या, आताच्या पालघर जिल्ह्यातल्या, बोर्डी गावी त्यांनी ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले आणि पुढे १९५७ मध्ये ते काम कोसबाडच्या टेकडीवर नेले. शंख, शिंपले, बिया, पाने, खडे हेच त्यांचे शिक्षणसाहित्य. मूल शाळेत येत नाही, तर शाळाच त्याच्या अंगणात न्यायची, यातून अंगणवाडी निघाली. आपण ज्याला कचरा म्हणून केरात लोटतो, त्यावर त्यांनी मुलांना मोजायला, निवडायला आणि जागच्या जागी ठेवायला शिकवले.

तेव्हा खर्च काही नाही. प्रत्येक मुलाला त्याच्या खांद्याच्या उंचीवर एक खुंटी द्या. नसेल तर एक खिळा ठोका. खिळ्याला दप्तर, खाली चपला. एक पत्र्याचा डबा किंवा खोके त्याच्या नावाचे. एका खोलीच्या घरातही एवढे होते. तीन वर्षांचे मूल चप्पल जागेवर ठेवू शकते. सहा वर्षांचे आपला रुमाल आणि टॉवेल घडी करू शकते. दहा वर्षांचे आपले दप्तर रात्रीच भरून ठेवू शकते. घडी वाकडी होईल, होऊ द्या. आपण ती पुन्हा सरळ करायला गेलो की मूल काय समजते? "माझं काम आईला पसंत नाही." मग ते पुन्हा हात लावत नाही. आणि हे मुलींचेच काम असे घरात कुणी म्हणत असेल, तर त्याच दिवशी केरसुणी मुलाच्या हाती द्या.

मुलांच्या वस्तू काढण्याच्या बाबतीत एक पथ्य पाळा. त्यांना न विचारता काही टाकू नका. सागरगोटे, गोट्या, मोराचे पीस, बाटल्यांची झाकणे, तुटकी गाडी, ही आपल्याला अडगळ. त्याची ती दौलत. शाळेतून आल्यावर दौलत नाहीशी झालेली दिसली, की मूल पुढच्या वेळी सगळेच लपवून ठेवते. त्यापेक्षा डबा ठरवून द्या. डब्यात मावेल तेवढे तुझे. डबा भरला आणि नवे काही आणायचे असले, तर जुन्यातले एक काढायचे. कुठले, ते तू ठरव. काय ठेवावे आणि काय सोडावे हा विचार माणसाला जन्मभर करावा लागतो. तो शिकायला गोट्यांच्या डब्यासारखी शाळा नाही.

आता घर आवरायचे कसे? आपल्याकडे घटस्थापनेच्या आधी घर सारवतात, सगळी धुणी नदीवर जातात. मुहूर्त चांगला आहे. पण सगळे एका दिवशी काढू नका. संध्याकाळी पाठ मोडते आणि ढीग जसाच्या तसा पुन्हा माळ्यावर जातो. रोज एक कोपरा घ्या. आज उतरंड, उद्या माळ्याची एक बाजू, परवा कपड्यांची पेटी. मुलांना जवळ बसवा आणि ढीग करा. रोज लागते ते एकीकडे. सणाला किंवा हंगामाला लागते ते दुसरीकडे. आपल्याला नको पण दुसऱ्याला उपयोगी ते तिसरीकडे. लहान झालेले सदरे आणि मागल्या वर्षीची पुस्तके यांना शेजारी घेणारे असतात. कुणालाच नको ते चौथ्या ढिगात. त्यातले लोखंड-पत्रा भंगारवाल्याला जाईल, साड्या बोहारणीला जातील किंवा त्यांची गोधडी होईल. बॅटऱ्या आणि विजेचे सामान वेगळे बांधा, ते केरात मिसळू नका.

आणि आजी म्हणतील, "हे नको गं टाकू." तिथे वाद घालू नका. त्या वस्तू एका गोणीत भरा, तोंड बांधा, वर तारीख लिहा आणि आजींनाच सांगा, "पुढच्या गुढीपाडव्यापर्यंत यातलं काही लागलं तर गोणी सोडू. नाही सोडली, तर तुम्हीच सांगा काय करायचं ते." बहुतेक वेळा पाडव्याला आजीच म्हणतात, "दे बाई कुणाला तरी." मान राखला की माणूस वस्तू सोडतो.

एका ढिगाला मात्र घाईने हात लावू नका. तो म्हणजे कागदांचा. पिवळा पडला, कसरीने खाल्ला, म्हणून कागद बंबात घालू नका. आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला नातवाचे शिक्षण ठरवू शकतो. जातीच्या दाखल्यासाठी अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५० च्या, विमुक्त जाती व भटक्या जमातींना २१ नोव्हेंबर १९६१ च्या, आणि इतर मागासवर्गीयांना १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा पुरावा मागतात. तो पुरावा पुष्कळदा अशाच एखाद्या चुरगळलेल्या कागदावर असतो. सातबाराचा उतारा आज संगणकावर मिळतो. आजोबांच्या दाखल्यासाठी मात्र जुन्या शाळेचे उंबरे झिजवावे लागतात. म्हणून एक पत्र्याची पेटी फक्त कागदांची करा. प्रत्येक मुलाची पिशवी वेगळी : जन्मदाखला, लसीकरणाचे कार्ड, आधार, शाळेची प्रगतिपुस्तके. जन्माची नोंद २१ दिवसांत करायची असते. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांना शाळाप्रवेशापासून पुढे जन्मतारखेचा पुरावा म्हणून तोच दाखला लागणार आहे. पेटीत कुठे काय आहे, हे घरातल्या दोघांना तरी ठाऊक असावे. आणि दहावीतल्या मुलीला तर ते जरूर दाखवा.

आता शिक्षकांशी दोन शब्द. मुलांच्या घरी जाऊन कुणाचे घर नीट आणि कुणाचे नाही याची तपासणी करू नका. एका खोलीत सात माणसे राहत असली, तर तिथल्या मुलाची त्यात मान खाली जाते. सुरुवात वर्गापासून करा. फडताळाचा खालचा खण मुलांना द्या. कुलपात अडकलेली वाचनालयाची पुस्तके तिथे मांडा. फाटतील म्हणून ती आजवर फाटली नाहीत, आणि वाचलीही गेली नाहीत. पोषण आहाराच्या कोठीत धान्य आणि तेल यांखेरीज दुसरे काहीही, अगदी फिनेलची बाटलीसुद्धा, ठेवू देऊ नका. एखाद्या शनिवारी मुलांना आपापल्या घराचा नकाशा काढायला सांगा : झोपायचे कुठे, दप्तर कुठे, औषधाचा डबा कुठे. नकाशात औषध बाजेखाली दिसले, तर आईवडिलांना बोलावून चार शब्द समजावून सांगा. वर्गात बोलू नका. आणि ऊसतोडीला जाणारे जे कुटुंब असेल, त्यांच्या मुलाची कागदांची पिशवी निघण्यापूर्वी एकदा पाहून घ्या. कोपीवर पाऊस आला की पहिले भिजतात ते कागदच.

बंधुभगिनींनो, "हात फिरे तिथे लक्ष्मी शिरे" असे आपण म्हणतो. त्या फिरणाऱ्या हातांत मुलांचे हात असावेत, एवढेच माझे सांगणे. सगळे घर आज आवरायला नको. आज रात्री जेवणे झाली की दोनच कामे करा. फवारणीचे औषध कुलपात घाला. आणि घरातल्या सगळ्यांत धाकट्या मुलाला भिंतीशी उभे करून त्याच्या खांद्याच्या उंचीला एक खिळा ठोका. हातोडी हवी तर त्यालाही धरू द्या. उद्या त्या खिळ्यावर काय अडकवायचे, ते त्याचे तोच ठरवील.